घरचा पाहुणा

ज्याचं जळतं त्यालाच कळतं, ही म्हण संगमनेरात खोटी ठरली त्याला आता बरीच वर्षं झाली होती. तिथं जळायचं एकाचं आणि कळायचं दुसऱ्याला. म्हणजे दुसरीला. कारण या कामाला बहुतेक बायाच यायच्या, आणि का यायच्या हे कुणी विचारायचं नाही.

चैताली गुंजाळ ही त्या धंद्यातली नावाजलेली बाई. सरकारी भाषेत तिचा हुद्दा 'अनुवेदिका'. इतका गुळगुळीत शब्द ज्यानं शोधला, त्याच्या पोटात आयुष्यात कधी मुरडा आला नसावा. गावानं मात्र आपला साधा शब्द ठेवला होता, सोसणारी.

चैतालीच्या घरात आजीपासून विड्या वळल्या जायच्या. पुढं विडीचे कारखाने बंद पडले. त्यातल्याच एका लांबलचक शेडला पांढरा रंग फासून, एसी बसवून अनुवेदन केंद्र उभं राहिलं. शेड तीच, बाया त्याच, आणि त्यांची भाषाही तीच राहिली. विडीच्या धंद्यात सैल, वाकडी, फाटक्या पानाची विडी तपासनीस बाजूला काढायचा. तिला छाट म्हणत, आणि छाटीची मेहनत फुकट जायची. केंद्रातही एखादीचं सोसणं पलीकडच्या माणसाच्या मेंदूनं नाकारलं, की बाया कपाळावर हात मारून म्हणायच्या, "गेली छाट!" चैतालीची इतक्या वर्षांत एकही छाट नव्हती आणि तिला त्याचा गर्व होता. माणूस गर्व कशाचा करील याला काही धरबंद नसतो.

आता हे सोसणं म्हणजे नेमकं काय, ते सांगायला हवं.

आपल्या मेंदूच्या देठाशी एक इवलासा निळसर ठिपका असतो. ती शरीराची धोक्याची घंटा. अफूच्या जातीचं कुठलंही औषध, मग ती पाठदुखीची जहाल गोळी का असेना, त्या घंटेवर हात दाबून धरतं. शरीर काही कमी नाही. दाबलेली घंटाही ऐकू यावी म्हणून ते तिला दुप्पट जोरानं हलवायला लागतं. रोज गोळी, रोज जास्त जोर. आणि मग एके दिवशी गोळी बंद होते, हात निघतो, आणि घंटा पिसाळते. जांभया सुरू होतात, नाकाडोळ्यांना धार लागते, अंगावर काटा उभा राहतो, घाम फुटतो, पोटात पीळ पडतो, जुलाब होतात, आणि पाय असे उडतात की ते आपले वाटत नाहीत. माणूस सहसा यानं मरत नाही. मेलो तर बरं, असं मात्र त्याला वाटतं. आणि एक गोळी घेतली की हे सगळं थांबणार आहे, हे त्याला ठाऊक असतं. लोक सुटत नाहीत ते इथंच.

संशोधकांच्या लक्षात आलं ते असं. घंटा वाजते, शरीर थरथरून, घामेजून तिला जबाब देतं, तो जबाब मज्जातंतूंमधून परत वर जातो, आणि पुरेसे जबाब पोचले की घंटा शांत होते. मेंदूला पोचपावती हवी असते. मग ही पावती दुसरीकडून आणली तर? संगणकानं बनवलेले जबाब पाठवून पाहिले. मेंदूनं ते काही मिनिटांत ओळखले आणि झिडकारले. पण जिवंत माणसाच्या शरीराचा जबाब त्यानं मुकाट्यानं घेतला. झालं. रोग्याला गुंगीत झोपवायचं, त्याचं अंग बधिर ठेवायचं, त्याच्या घंटेचे ठोके भिंतीपलीकडे बसलेल्या बाईच्या मानेतल्या नसेत सोडायचे. ती थरथरणार, ती घामानं भिजणार, तिच्या पोटात पीळ पडणार, आणि तिचे जबाब उलट तारेनं त्याला पोचणार. तीन बैठकांत माणूस नाहून निघाल्यासारखा ताजातवाना उठायचा.

भिंतीपलीकडच्या माणसाला बाया 'पाहुणा' म्हणायच्या. त्याचं नाव विचारायचं नाही, तोंड बघायचं नाही. बैठकीआधी नुसतं ताक प्यायचं, दातांत कापडाची गुंडाळी धरायची आणि पाहुण्याला आत घ्यायचं.

चैतालीचा एक ठरलेला पाहुणा होता. तो पुण्याचा होता, एवढंच कानावर आलेलं. एकाच जोडीनं पुन्हा पुन्हा बसलं की दोन्ही शरीरांची लय जुळत जाते आणि काम सुरळीत होतं, म्हणून केंद्र त्याला दर वेळी तिच्याचकडे द्यायचं. त्या वर्षी तो पाचव्यांदा आला.

"पुन्हा तोच?" शेजारच्या खुर्चीतली नजमाआपा म्हणाली. नजमाआपा वयानं मोठी, आणि बायांत एकटीच अशी, की जी बैठक संपल्यावर सगळ्यांत आधी उठून दुसरीला पाणी द्यायची. "अगं, जावई तरी सणासुदीलाच येतो. हा तर घरजावई झाला."

"येईल नाही तर काय करील?" चैताली तोंड पुसत म्हणाली. "त्याला कुठं काही आठवतंय? झोपला, उठला, घरी गेला. दुखलं ते मला."

बाया हसल्या. हसण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, पण मुरडा ओसरल्यावर माणसाला कशाचंही हसू येतं.

चैतालीच्या घरी दोनच माणसं होती, आई अलकाबाई आणि धाकटा भाऊ भूषण. वडील गेले तेव्हा भूषण पाळण्यात होता आणि चैताली शाळेत. आईनं विड्या वळल्या, चैतालीनं भाऊ वाढवला. त्याला आंघोळ घालणं, शाळेत सोडणं, परीक्षेच्या वेळी त्याच्याबरोबर जागणं, सगळं तिनंच केलं. त्यात तिचं लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं. भूषण पवनचक्कीचा तंत्रज्ञ झाला. शंभर मीटर वर, दोरावर लोंबकळत पात्यांच्या भेगा बुजवायचा. गेल्या हिवाळ्यात दोराचा हिसका बसून तो मनोऱ्यावर आदळला आणि पाठीचे दोन मणके दबले. दवाखान्यातून तो चालत घरी आला, पण गोळ्या घेऊन. पाठ बरी झाली. गोळ्या राहिल्या.

बहीण सोसणारी आणि भावाचं तिला कळू नये, याला काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. एका रविवारी भूषण जेवताना सारखा जांभया द्यायला लागला. चैतालीनं पाहिलं तर त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टपोऱ्या झालेल्या, आणि भर उन्हाळ्यात दंडावर काटा.

"किती घेतोस?" तिनं सरळ विचारलं.

भूषणनं घास खाली ठेवला. खोटं बोलायला त्याच्यात तेव्हा त्राण नव्हतं. "आज घेतलीच नाही ताई. संपल्यात. डॉक्टर देईना झालाय. बाहेरून आणायच्या म्हणजे..." तो रडायला लागला. "मला सोडायचंय. पण सोडवत नाही गं."

अलकाबाई भाकरी टाकायच्या थांबल्या. "मंग त्यात रडायचं काय?" त्या म्हणाल्या. "मपली पोरगी साऱ्या मुलखाचं सोसती. घरचंच सोसायचं राहिलंय का? कर गं त्याचं उद्याच्या उद्या."

केंद्रात कामाला असलेल्या बाईला वर्षातून एकदा आपल्या घरच्या माणसासाठी बैठक मोफत मिळायची. त्याला 'घरचा पाहुणा' म्हणत. ज्या बाईची सवलत, तिची संमती हवी, एवढीच अट. चैतालीनं ती सवलत कधी वापरली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती भूषणला घेऊन गेली तेव्हा तिला, खरं सांगायचं तर, बरं वाटत होतं. इतकी वर्षं परक्यांसाठी अंग पिळून घेतलं. आज पहिल्यांदा आपल्या माणसासाठी घ्यायचं होतं.

ती ताक प्यायली आणि खुर्चीत बसली. पहिला ठोका आला. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला, पोटानं पीळ घेतला, घामाची धार पाठीवरून खाली गेली. सगळं नेहमीसारखं. मग तिला भिंतीपलीकडून आवाज आला. पाहुणा कधी आवाज करत नाही. भूषण गुंगीतही ओरडत होता.

यंत्र बंद करावं लागलं. डॉक्टर देवचक्के बाईंनी पुन्हा लावून पाहिलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी लावलंच नाही.

"चैतालीताई, तुमचं शरीर जबाब देतंय," त्या पडद्यावरच्या रेषा दाखवत म्हणाल्या. त्या बाई वाईट नव्हत्या, फक्त त्यांना पडद्यावरचं आधी दिसायचं आणि माणूस नंतर. "पण ते त्या पुण्याच्या पेशंटच्या लयीत देतंय. पाच वेळा बसलात ना त्याच्याबरोबर. तुमच्या अंगाला त्याचीच सवय झालीय. भूषणचा मेंदू ते परकं म्हणून नाकारतोय."

"मी त्याची बहीण आहे," चैताली म्हणाली.

"त्याचा इथं संबंध नाही हो."

"मग ही सवय मोडायला किती दिवस?"

"सहा महिने तरी. त्या पेशंटला घ्यायचं नाही, कुणालाच घ्यायचं नाही."

चैताली उठून बाहेर आली. तिची पहिली छाट गेली होती, आणि तीही सख्ख्या भावाच्या नावावर. रक्ताचं नातं, पाठची भावंडं, असलं सगळं आपण बोलतो, आणि तिचं अंग तर ज्याचं तोंडही पाहिलं नव्हतं त्या माणसाचं होऊन बसलं होतं. तिला त्याची शिसारी आली. पण नेमकी कुणाची, त्या माणसाची की स्वतःच्या अंगाची, ते तिला सांगता आलं नसतं.

नजमाआपा बाकावर येऊन बसली. "मी घेते ना भूषणला," ती म्हणाली. "माझा कुणी ठरलेला नाही. तीन बैठका, आणि पोरगा मोकळा."

भूषण भिंतीला टेकून कुडकुडत होता. त्यानं आशेनं मान वर केली. "हां ताई. आपा घेतील. त्यांना घेऊ दे."

आणि इथं चैताली गुंजाळनं आपल्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा निर्णय घेतला, आणि तो तिनं रागाच्या भरात घेतला.

"नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे माझी संमती नाही. आपानं घेतलं तर तू परवा उठून शीळ घालत घरी येशील. आणि दिवाळीला परत इथं असशील. मी बघतेय ना तो पुण्याचा. पाच वेळा! ज्याला सोसावं लागत नाही तो सुटत नाही, भूषण. तू तुझं तू सोसायचं. घरी. मी आहे."

देवचक्के बाई दारात उभ्या होत्या. "पूर्वी जिभेखाली ठेवायची गोळी असायची," त्या जरा चाचरत म्हणाल्या. "महिनोन्‌महिने हळूहळू कमी करत न्यायचं. त्यात इतका त्रास नसतो."

"मग ती द्या."

"आता ती जिल्ह्यात कुठंच येत नाही. केंद्र आल्यावर कुणी मागेना, मग बंद झाली." त्यांनी मळमळीच्या, जुलाबाच्या आणि रक्तदाब उतरवून घाम-काटा कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या. "हे द्या. पाणी सारखं पाजत राहा. शुद्ध हरपली, लघवी थांबली तर ताबडतोब आणा. आणि चैतालीताई, एकदा विचार करा. केंद्र असताना घरी कुणी करत नाही हे."

"विचार झालाय," चैताली म्हणाली. तो झालेला नव्हता.

अलकाबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी आभाळ डोक्यावर घेतलं. "परक्या बाप्याचं पाच-पाच वेळा सोसलंस, आन्‌ तुपल्या भावाला जाळायला निघालीस? दगड हायेस का काळजाची?" पण भूषणला पहिला मुरडा आला आणि तो गुडघे पोटाशी घेऊन गुरासारखा कण्हला, तेव्हा त्या पदर तोंडात कोंबून बाहेर पडल्या आणि अकोल्याला आपल्या भावाकडे निघून गेल्या. "मला नाही बघवत," एवढंच म्हणाल्या. कुणाला काय बघवतं आणि काय नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. चैतालीला तशी सोय नव्हती.

एक गोष्ट मात्र तिच्याजवळ होती जी कुठल्या डॉक्टरकडे नसते. पुढं काय येणार आहे ते तिला आतून माहीत होतं. पाय उडायला लागायच्या आधीच ती त्याच्या पोटऱ्यांना गरम तेल चोळायला बसायची. गार घाम फुटला की अंग पुसून आजीची गोधडी पांघरायची, आणि पाच मिनिटांनी तो ती लाथाडणार हे ठाऊक असल्यामुळे उशाशी हातपंखा तयार ठेवायची. पेज, मीठ-साखरेचं पाणी, नारळपाणी, चमच्या-चमच्यानं. तो ओकायचा, ती पुसायची, पुन्हा चमचा पुढं करायची.

"आता हे असंच वाढत जाईल," ती त्याच्या कपाळावर हात ठेवून सांगायची. "मग एक शेंडा गाठतं. तिथनं पुढं उतरणच. मला माहितीय ना."

"तुला काय माहितीय?" तो दात आवळून म्हणायचा. "तुझं दोन तासांत संपतं. खुर्चीतनं उठतेस, चहा पितेस."

हे खरं होतं. तिनं चमचा पुन्हा भरला.

शेंडा आला त्या दुपारी तो पलंगावरून उतरून तिच्या पायांवर पडला. "एक गोळी. एकच. अर्धी. ताई, तुझ्या पाया पडतो." ती हलली नाही. मग तो उठला आणि अशा नजरेनं तिच्याकडे बघायला लागला, की तिला वाटलं हा आता मारतोय. त्यानं मारलं नाही. तो शांतपणे म्हणाला, "त्याला तू एकदासुद्धा असं सोडलं नाहीस."

"कुणाला?"

"पुण्याच्या तुझ्या पाहुण्याला. त्याला झोपवतेस. आणि मला डोळे उघडे ठेवून जाळतेस. समोर बसून बघतेस."

"बघतेय, कारण तू माझा आहेस," चैताली म्हणाली. "त्याचं तोंडही मी पाहिलेलं नाही. तुझ्यावरनं नजर हलवली नाहीये मी."

"तेच तर," भूषण म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

उतरण लागली. जुलाब थांबले, पाय निवले. एका सकाळी त्यानं स्वतःहून चहा मागितला आणि दोन बिस्किटं खाल्ली. चैताली मोरीत जाऊन नळ सोडून रडली. आनंदानं रडली, यात काही शंका नाही. अलकाबाई परत आल्या, त्यांनी पोराची दृष्ट काढली आणि सगळ्या आळीला सांगितलं की देवानं वाचवलं. देवानं काय केलं ते देवाला ठाऊक. 

भूषणची तब्येत सुधारली. पवनचक्कीवर नाही, पण खाली नियंत्रण कक्षात त्याला काम मिळालं. तो चालायला जाऊ लागला, मित्रांत बसू लागला. आणि मग महिन्याभरानं चैतालीला दिसलं. ती संध्याकाळी कामावरून आली, तो टीव्ही बघत होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि जांभई दिली. मग दुसरी. ती पाण्याचा तांब्या द्यायला जवळ गेली तर त्याच्या दंडावर काटा होता आणि कपाळावर घाम.

 ही चिन्हं तिनं झोपेतही ओळखली असती. त्याअर्थी हा पुन्हा घेत होता आणि आज मिळाली नव्हती.

"कुठं ठेवल्यात?" ती म्हणाली.

"काय?"

 तिनं त्याची बॅग उलटी केली, खिसे तपासले, गादी उचलली, बूट झटकले. आई "अगं, अगं" करत राहिली. भूषण घामानं निथळत नुसता उभा होता.

"ताई, मी शप्पथ घेतो, मी काही घेतलं नाही."

"खोटं बोलू नकोस! मी सोसणारी आहे. मला शिकवतोस?"

"नाही घेतलं!" तो ओरडला आणि पोट धरून खाली बसला.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला फरफटत केंद्रात नेलं, म्हणजे तो मुकाट्यानं, अंतर राखून, तिच्या चार पावलं मागनं आला. देवचक्के बाईंनी रक्त तपासलं, लघवी तपासली, केस तपासले. तो गोळी सोडल्या दिवसापासून निखालस कोरा होता. मग त्यांनी चैतालीला बाहेर पाठवलं, थोड्या वेळानं आत बोलावलं, पुन्हा बाहेर पाठवलं, पुन्हा आत बोलावलं, आणि प्रत्येक वेळी त्या भूषणच्या मानेला लावलेल्या पट्टीवरचे ठोके बघत राहिल्या. शेवटी त्यांनी भूषणला बाहेर बसवलं.

"त्यानं काही घेतलेलं नाही, चैतालीताई," त्या म्हणाल्या. आणि मग त्यांनी पहिल्यांदाच पडद्याकडे न बघता तिच्याकडे बघितलं. "घंटा तुम्हाला बघून वाजतेय."

चैतालीला कळलं नाही.

"हे फार जुनं निरीक्षण आहे, केंद्राच्याही आधीचं. सोडायचा त्रास ज्या जागी, ज्या माणसासमोर होतो, ते सगळं मेंदू त्या त्रासाला गाठ मारून ठेवतो. पुन्हा ते समोर आलं, की गोळी नसली तरी अंग तेच सगळं सुरू करतं. त्या दिवसांत त्याच्यासमोर कोण होतं? एकट्या तुम्ही. तुमचा चेहरा, तुमचा आवाज, तुमच्या हाताचं तेल. यंत्रात माणूस झोपलेला असतो, म्हणून हे होत नाही."

"कमी होईल ना?"

"होईल. वर्ष, दोन वर्षं, कदाचित जास्त. पण तोवर दर वेळी तुम्ही दिसलात की त्याच्या अंगाला एकच उपाय आठवणार. तो काही तुमच्यावर रागावलेला नाही. त्याला तुमच्याजवळ यायचंय. पण तुम्ही जवळ असलात, तर एखाद्या दिवशी तो ती गोळी घेईल. मी तुम्हाला खोटं सांगत नाही."

 चैतालीला आई आठवली. ज्या माउलीला बघवलं नाही, जी अकोल्याला भावाच्या घरी जाऊन पुरणपोळ्या खाऊन आली, तिच्या मांडीवर तो डोकं ठेवून झोपत होता. आणि जिनं नजर हलवली नाही ती झाली विषासमान. हा कुठला न्याय, असं ती म्हणाली नाही. न्याय वगैरे शब्द विडीच्या शेडमध्ये कधी चाललेच नव्हते.

तिनं सोपा मार्ग काढून पाहिला. तो घरी असेल तेव्हा ती बाहेर, तो कामावर गेला की ती घरी. पहाटे उठून ती स्वयंपाक करून ठेवायची आणि तो उठायच्या आत निघून जायची. निदान आपल्या हातचं तो खातो, एवढं तिला पुरत होतं. थोडे दिवस ते चाललंही.

मग एका दुपारी अलकाबाई केंद्राच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. उन्हातनं चालत आल्या होत्या. सरळ काही बोलेनात. आधी पाणी मागितलं, मग नजमाआपाची चौकशी केली.

"काय झालं आई?"

"आज तू आमटी केली व्हती ना," अलकाबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या. "पोरानं पहिलाच घास घेतला. म्हनला, ताईच्या हातची हाय. अन्‌ हसला बी. मंग गप झाला. ताट सरकवलं. घामानं डबडबला, बाय. पार कपडे ओले." त्या थांबल्या. "चैताली, उद्यापास्नं सैपाक मीच करीन."

"बरं," चैताली म्हणाली.

"अन्‌ तुपल्या त्या गोधड्या, तेलाची बाटली..."

"टाकून दे. मी नजमाआपाकडं राहायला जाते. आजपासून."

अलकाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी त्यांच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. चैतालीनं दोन्ही पाहिलं. तिला त्याचा राग यावा इतकंही तिच्यात शिल्लक नव्हतं, असं म्हणायला बरं वाटलं असतं. पण राग आला. चांगला सणसणीत आला, आणि तो गिळून तिनं आईला रिक्षात बसवून दिलं.

संध्याकाळी ती कपडे आणायला म्हणून आळीत गेली. भूषण अजून यायचा असेल असा तिचा अंदाज होता, पण तो लवकर आला होता. दार लोटलेलं होतं आणि आतून त्याचं हसणं ऐकू येत होतं. टीव्हीवर काहीतरी चाललं असावं, आणि तो आईला समजावून सांगत होता आणि आईला ते कळत नव्हतं म्हणून आणखीच हसत होता. लहानपणी हसायचा तसा, उचकी लागेपर्यंत. कितीतरी दिवसांत तिनं हे हसणं ऐकलं नव्हतं. हेच परत मिळावं म्हणून तिनं ते सगळं केलं होतं.

तिनं दारावर हात ठेवला. आत पाऊल टाकलं असतं तर तो "ये ताई" म्हणाला असता, नक्की म्हणाला असता, आणि मग त्याला जांभई आली असती.

तिनं हात काढून घेतला, आणि कपडे न घेताच ती आळीतून बाहेर पडली.